गाठीच्या पुढचं

शाळेच्या दाखल्यावर त्याचं नाव वेगळं होतं, पण ते दाखल्यावरच राहिलं. घरीदारी तो मागल्या. नाव आईने ठेवलेलं. थोरला भाऊ जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून उडी मारायचा, हा वर थांबून बघायचा आणि थोरला खाली पोचला की मग हात अगदी तसेच पसरून उडी मारायचा. थोरल्याचं ढोपर फुटलं तर हाही आपटून घ्यायचा. आई कपाळावर हात मारून म्हणायची, "आला बघा! ये रे माझ्या मागल्या!" घरात हसू झालं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. आता तो अठ्ठावन्न वर्षांचा होता, डोकं कापसासारखं पांढरं झालं होतं, एका शाळेत तो मुलांना ड्रम शिकवत होता. मुलं तोंडावर "सर" म्हणत आणि पाठीमागे "मागल्या सर". त्याला ते ठाऊक होतं आणि त्यात त्याला वाईटही वाटत नसे.

कारण खरोखरच जन्मभर त्याने तेच केलं होतं. दोघे भाऊ ड्रमसेट वाजवत. दोन सेट समोरासमोर मांडलेले, दादा एकावर, हा दुसऱ्यावर. दादा सुरू करी. आठ ठोके झाले की मागल्या सुरू करी, आणि दादाने जे वाजवलं ते जसंच्या तसं आठ ठोके मागून वाजवत जाई. दादा तोवर पुढे गेलेला असे. ऐकणाऱ्याला वाटे, एका खोलीतून एक माणूस बाहेर पडतोय आणि त्याच दारातून तोच माणूस पुन्हा आत येतोय. याला कॅनन म्हणतात. पेटीवर, व्हायोलिनवर कॅनन वाजवणारे पुष्कळ असतील. ड्रमवर, जिथे सूरच नाही आणि नुसते ठोके आहेत, तिथे हे करायचं म्हणजे वाळूचा दोर वळायचा. दोघांनी चाळीस वर्षं तो वळला.

दादाचं घर एका सुताराच्या कारखान्यावर होतं, दुसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत सोफ्याच्या जागी हे दोन सेट. खाली करवत, वर ड्रम. सुतार जिन्यात भेटला की म्हणे, "तुमच्यामुळे माझ्या कपाटांना पाय सारखे येत नाहीत." दादा म्हणे, "तुझ्या करवतीमुळे माझा डावा पाय बिघडतो. फिटंफाट."

डाव्या पायाची गोष्ट खरीच महत्त्वाची. ड्रमवर बसलेल्या माणसाचे दोन हात नि दोन पाय चारही कामाला लागतात. उजवा हात टॉम नावाच्या घुमणाऱ्या मोठ्या ड्रमवर, डावा स्नेअर या कडकडणाऱ्या छोट्या ड्रमवर, उजवा पाय बास ड्रमच्या पेडलवर आणि डावा पाय हाय-हॅटवर, म्हणजे पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर. दादाने गेल्या सहा वर्षांत एक मोठा फ्यूग रचला होता. सात ठोक्यांची एक थीम, शेवटचा ठोका जरा चुकवून टाकलेला, जसा बोलता बोलता माणूस ठेचकाळतो. ती थीम आधी उजव्या हातात, मग डाव्या, मग पायांत. दादाचे चार अवयव, मागून मागल्याचे चार. आठही जण एकाच गोष्टीवर बोलताहेत, मध्ये आपापलं घुसडताहेत, आणि शेवटी थीम जवळ जवळ येत जाते. आधी आठ ठोक्यांवर दुसरा आत शिरतो, मग चारवर, मग दोनवर, मग एकावर. त्या जागेला दोघे 'गाठ' म्हणत. गाठ बसली की मागल्याने हात खाली घ्यायचे. पुढचा शेवट एकट्या दादाचा. तो गाठ सोडवायचा.

तो शेवट कुठेही लिहिलेला नव्हता. घरच्या सरावात दादा गाठीपाशी काड्या खाली ठेवून म्हणायचा, "पुढचं माझं मी बघतो." लोकांसमोर हा फ्यूग अकरा वेळा झाला, आणि अकराही वेळा गाठ बसताच लोकांना वाटलं संपलं. टाळ्या! दोन टेपा होत्या, दोन्हींवर शेवटाच्या जागी टाळ्यांचा पाऊस, आणि त्याच्या खाली कुठेतरी काहीतरी धडधडतंय. मागल्या तर समोर बसलेला असायचा, त्याला तरी ऐकू यायला हवं होतं. पण त्याची खोड अशी की त्याचे कान नेहमी आठ ठोके मागे. हात खाली घेतल्यावरही त्याच्या डोक्यात गाठच वाजत राहायची. त्याला आठवायचं ते एवढंच, की शेवट डाव्या पायाने सुरू होतो. झांज एकटीच बोलू लागते, हळू, आणि कोणीतरी तिला उत्तर देतं. कोण देतं, ते आठवत नव्हतं.

आणि दादा विसरायला लागला होता.

आधी किल्ल्या विसरला. मग आठवड्याचे वार. मग एके दिवशी मागल्या जिना चढून आत आला, तर दादा उठून उभा राहिला आणि फार अदबीने म्हणाला, "या, बसा. कोणाकडे आलात आपण?"

मागल्याला वाटलं, थट्टा चाललीय. तो हसला. दादा हसला नाही.

डॉक्टर म्हणाले, डोक्यातली आठवण आधी जाते, हातापायांतली शेवटी. पण तीही जाते. चारसहा महिने धरा. त्यातले तीन गेले होते, आणि दादाचा डावा पाय अधूनमधून पेडलवर नुसताच ठेवलेला राहू लागला होता, एखाद्या दुसऱ्याच्या पायासारखा.

वहिनी औषधांच्या दुकानात सकाळची पाळी करत. नऊ ते एक मागल्या दादापाशी बसे, मग शाळेत जाई. तो शेवट दादाकडून काढून घ्यायचा असं त्याने मनाशी ठरवलं तेव्हा वहिनींनी एक महिना दिला. "एक महिना, भाऊजी. तुम्ही त्यांना त्या स्टुलावर बसवता ना, मग दुपारी त्यांचे हात थरथरतात, पेला धरवत नाही. महिना झाला की मी ते दोन्ही सेट बांधून माळ्यावर टाकणार. मग तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा."

"महिन्यात होईल, वहिनी."

"झालं नाही तर?"

 दादा जाणार हे मागल्याला कळत होतं. पण दादा जाईल आणि गाठ तशीच राहील, कायमची आवळलेली, हे त्याच्याने सोसवत नव्हतं. रात्री डोळा लागला की तो गाठीपर्यंत यायचा आणि पुढे पायरी नसावी तसा दचकून जागा व्हायचा.

त्याने काय काय केलं नाही! दादापुढे टेपा लावल्या. दादाने टाळ्या ऐकून स्वतःही टाळ्या वाजवल्या. मग मागल्याने डाव्या पायाने झांज सुरू करून दिली आणि आशेने बघत राहिला. दादा म्हणाला, "कोणीतरी दार वाजवतंय." कधी दादा गाठीपर्यंत सुरेख यायचा आणि तिथे काड्या मांडीवर ठेवून म्हणायचा, "पुढचं माझं मी बघतो." पालथ्या घड्यावर पाणी. विसाव्या दिवशी मागल्याचा तोल गेला. त्याने दादाचं डावं पाऊल धरून पेडलवर दाबलं, एकदा, दोनदा, तीनदा, आणि ओरडला, "बघ ना मग! बघ ना तुझं तू! केव्हा बघणार?"

दादाने पाऊल सोडवून घेतलं नाही. लहान मुलं मार बसण्याआधी करतात तसा त्याने दंडाने चेहरा झाकला.

वहिनी त्याच वेळी दारात उभ्या होत्या, दुकानातून लवकर आलेल्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली. "भाऊजी, एक विचारू? तुम्हाला तुमचा दादा हवाय, की त्याचे हातपाय हवेत?"

मागल्याने पाऊल सोडलं आणि चपला घातल्या. जिना उतरताना सुताराने विचारलं, "आज लवकर?" 

त्या दुपारी शाळेत तिसरीचा वर्ग होता. अकरा मुलं, चार ड्रम, बाकीच्यांना उलटे डबे. त्यांत एक मुलगी होती, तिला मागल्याने प्रश्नपेटी असं नाव दिलं होतं. झाकण उघडलं की बंद होत नसे.

"सर, कॅनन म्हणजे नक्कलच ना?"

"नक्कल नव्हे, बाळ. नक्कल करणारा पुढच्याचं संपेपर्यंत थांबतो. इथे पुढचा थांबत नाही. हाताने मागचं वाजवायचं आणि कानाने पुढचं साठवून ठेवायचं. आई एकीकडे तुझी वेणी घालते आणि एकीकडे तुझ्या भावाला रागावते की नाही? तसं."

"आणि फ्यूग?"

"फ्यूग म्हणजे घरातलं भांडण. एक जण एक मुद्दा काढतो, दुसरा तोच मुद्दा घेऊन उठतो, मग तिसरा. मध्ये जो तो आपलं काहीबाही घालतो, पण मूळ मुद्दा कोणी सोडत नाही."

"आमच्याकडे सोडतात," प्रश्नपेटी म्हणाली. "सुरू होतं ओल्या टॉवेलवरून आणि संपतं आत्याच्या लग्नावर."

वर्ग हसला. मागल्याही हसला, पहिल्यांदाच त्या आठवड्यात.

"सर, तुम्ही दर वेळी दुसरे वाजवता. आज तुम्ही आधी. मी तुमच्या मागून."

"बरं," मागल्या म्हणाला आणि त्याने काडी उचलली. साधं काम. चार ठोके, काहीही. पण काडी हवेत राहिली. त्याने समोर बघितलं. समोर कोणी वाजवत नव्हतं, नुसती अकरा तोंडं वर केलेली. कानात काहीच नव्हतं. जे ऐकलं नाही ते वाजवायचं कसं? 

"एक दोन तीन म्हणू का, सर?" प्रश्नपेटीने मायेने विचारलं.

"नको. पुस्तकं काढा," तो म्हणाला. ड्रमच्या वर्गात पुस्तकं नसतात. मुलं एकमेकांकडे बघत राहिली.

तेव्हा त्याला नीट कळलं की शेवट आपला आपण रचून गाठीला लावावा, हाही रस्ता आपल्याला नाही. मिळेल तर दादाकडूनच मिळेल.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. वहिनींनी कपाटावर दोर आणून ठेवलेला मागल्याने पाहिला. "एकला येते," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

मागल्याने त्या दिवशी काहीच करायचं नाही असं ठरवलं होतं. विसाव्या दिवसानंतर त्याने दादाला हात लावला नव्हता. तो खिडकीपाशी दादाच्या एका जुन्या सदऱ्याचं तुटलेलं बटण शिवत बसला. दादा आपणहून उठला, स्टुलावर बसला, काड्या घेतल्या, आणि थीम सुरू झाली.

उजवा हात. सात ठोके, शेवटचा ठेचकाळलेला. असा स्वच्छ हात वर्षभरात पडला नव्हता. मग डावा. मग उजवा पाय. मागल्याच्या हातातलं बटण पडलं. आणि मग झांज! डावा पाय जागा होता. तो अक्षरशः धावत आपल्या सेटवर गेला आणि आठ ठोके मोजून मागे लागला.

दादाने डोळे मिटले होते. चेहऱ्यावरची ती हरवल्यासारखी अदब पुसली गेली होती. तो जुना दादा होता. जरा तिरकस, ओठाचा एक कोपरा वर, आता बघ हं गंमत म्हणणारा. भांडण रंगत गेलं, थीम जवळ जवळ यायला लागली. चारवर. दोनवर. एकावर. गाठ बसली. मागल्याने हात खाली घेतले, श्वास धरला आणि आपले मागे राहणारे कान ओढून पुढे आणले. आता झांज.

दादाचा उजवा हात पडला. सात ठोके, शेवटचा ठेचकाळलेला.

तो पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला होता.

असू दे, मागल्याला वाटलं. या वेळी नाही तर पुढच्या. तो पुन्हा मागे लागला. पुन्हा गाठ. पुन्हा त्याने हात खाली घेतले. पुन्हा उजवा हात, थीम. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. दर वेळी गाठ बसली की एका ठोक्याएवढी जागा उघडी राही आणि त्या जागेत मागल्याचा सगळा जीव गोळा होई. दर वेळी तिथे तोच उजवा हात पडे.

सहाव्या फेरीला दादाच्या सदऱ्याची पाठ काळी ओली झाली. आठव्याला उजव्या हाताच्या अंगठ्यापाशी कातडं सुटलं. मागल्याने ते पाहिलं. हे इथे लिहायलाच हवं, कारण पुढे त्याने ते स्वतःपासून लपवलं नाही: त्याने पाहिलं आणि तो थांबवायला उठला नाही. अजून एक, असं तो म्हणत राहिला. पुढच्या गाठीला येईल. इतका जागा तो पुन्हा कधी असणार आहे? अजून एकच.

अकरा फेऱ्या झाल्या. सुतार वर आला. रागावून आला होता, पण दारातच थिजला. स्नेअरच्या पांढऱ्या कातड्यावर बारीक तांबडे शिंतोडे होते. "अहो," तो म्हणाला, "थांबवा की त्यांना. ओठ बघा त्यांचे."

ओठ निळसर झाले होते. मागल्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने काड्या टाकल्या, दादाकडे गेला, "दादा, बास. दादा, झालं." दादाला ऐकू गेलं नाही. मागल्याने त्याची मनगटं धरली, तेव्हा दादाने डोळे उघडले आणि त्या डोळ्यांत नुसती भीती होती, अनोळखी माणसाने अंधारात धरल्यावर होते तशी. त्याने हिसका देऊन हात सोडवले, काडी मागल्याच्या कानशिलाला लागली, आणि दादा पुन्हा थीमवर गेला, आणखी जलद. धापा टाकत होता, पण पाय चालूच. त्याला बाहेर पडायचं होतं, हे आता कोणालाही दिसलं असतं. दार सापडत नव्हतं म्हणून तो पुन्हा पुन्हा त्याच खोलीत फिरत होता.

वहिनी आल्या त्या धावतच. सुताराने फोन केला होता. "अहो, थांबा ना! अहो, माझ्याकडे बघा!" त्या दादाच्या खांद्यांना धरून रडायला लागल्या. "भाऊजी, तुम्ही केलंत हे, आता तुम्हीच थांबवा!"

मागल्या आपल्या स्टुलावर बसला. हाताने धरून दादा थांबणार नव्हता. तो एकाच गोष्टीने थांबेल: त्याच्या पुढे कोणीतरी असेल आणि तो पुढचा थांबेल, तर.

तो आठ ठोके मागे लागला, नेहमीसारखा. आणि मग थीमच्या शेवटी त्याने एक ठोका गिळला. सातऐवजी सहा वाजवले. आता तो सातच ठोके मागे होता. पुढच्या थीमला आणखी एक गिळला. सहा. चाळीस वर्षांची सवय त्याच्या मनगटाला मागे खेचत होती, प्रत्येक गिळलेला ठोका घशात हाडासारखा अडकत होता. पाच. चार. दादाची मान किंचित वाकडी झाली, ऐकणाऱ्या माणसाची होते तशी. तीन. दोन. एक.

आणि मग दोघे एका ठोक्यावर आले.

असं कधी झालं नव्हतं. आठ अवयव, एकच आवाज. खालच्या मजल्यावर खिळ्यांचा डबा किणकिणला. दादाने डोळे उघडून समोर पाहिलं. एक क्षण, फार तर दोन, आणि मागल्याने शपथेवर सांगितलं असतं की दादाने त्याला ओळखलं. त्याला तिथेच राहायचं होतं. जन्मभर तिथेच राहिला असता. पण दादाच्या छातीचा भाता चालला होता, वहिनींचे हात त्याच्या खांद्यांवर वर खाली होत होते.

मागल्याने आणखी एक ठोका गिळला आणि तो पुढे गेला.

समोर काही नव्हतं. कानात काही नव्हतं. शाळेतली ती अकरा तोंडं होती तशी नुसती हवा. तरी त्याने हात टाकला. दोन ठोके पुढे. दादा अडखळला, उजवा हात हवेत राहिला. मग त्याने तो हात अगदी सावकाश सोडून दिला आणि मागल्याच्या मागे लागला. चार ठोके. आठ. आता दादा मागे होता, मान वाकडी करून, प्रत्येक ठोका उचलून घेत.

गाठ आली. या खेपेला ती मागल्याने बांधली. आणि तिच्या पुढे जागा उघडी पडली, एका ठोक्याएवढी.

डाव्या पायाने सुरू करायचं, एवढं त्याला माहीत होतं. पण पुढचं उत्तर कोण देतं ते माहीत नव्हतं, आणि शोधायला वेळ नव्हता. त्याने हाताला आलं ते केलं. टॉमवरून खाली घसरत येणारे सोळा ठोके, बास ड्रमचे दोन, आणि मोठ्या झांजेवर एक दणका. शाळेच्या स्नेहसंमेलनात पहिल्या वर्षाची मुलं करतात तो शेवट. मग त्याने झांज बोटांनी धरून गप्प केली आणि काड्या मांडीवर ठेवल्या.

आठ ठोक्यांनी दादाने टॉमवरून खाली येत सोळा वाजवले, बास ड्रमचे दोन, एक दणका. झांज बोटांनी धरली. काड्या मांडीवर ठेवल्या.

खोलीत नुसता श्वासाचा आवाज राहिला. वहिनींनी दादाचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. सुताराने स्वयंपाकघरातून पाणी आणलं.

डॉक्टर येऊन गेले, हातांना पट्ट्या बांधल्या, आठ दिवस पडून राहायला सांगितलं. दोर कपाटावर तसाच राहिला. कोणाला सुचलंच नाही. मागल्या रोज येऊन दाराशी बसे. आत जायची त्याला लाज वाटे. वहिनी त्याला चहा देत, बोलत मात्र नसत.

नवव्या दिवशी पट्ट्या निघाल्या आणि दादा उठून बाहेर आला. कोणी काही म्हणायच्या आत स्टुलावर बसला. वहिनी पुढे झाल्या, मागल्याने हात करून त्यांना थांबवलं, आणि मग आपणच हात करावा याची त्याला शरम वाटली. पण दादा शांत होता. हळू, म्हाताऱ्या माणसाच्या चालीने थीम आली. एकटाच वाजवत होता, मधले पुष्कळ तुकडे गळाले होते, तरी गाठीपाशी आला. गाठ बसली.

मग टॉमवरून घसरत सोळा ठोके. बास ड्रमचे दोन. एक दणका.

दादाने झांज धरून गप्प केली आणि समाधानाने इकडे तिकडे पाहिलं.

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. टाळ्यांच्या खाली दडलेला तो शेवट त्यांनीही कधी ऐकला नव्हता. त्या मागल्याजवळ आल्या आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा बोलल्या. "आठवला त्यांना! भाऊजी, हाच ना तो? यासाठीच एवढं?" मग जराशा थांबून, ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाल्या, "मला वाटायचं काहीतरी मोठं असेल."

मागल्याला 'हो' म्हणता आलं असतं. वहिनींना ते पुरलं असतं, त्यालाही कदाचित पुढेमागे पुरलं असतं. पण मग दादाने सहा वर्षं खपून शेवटी हे केलं असं झालं असतं.

"हा त्याचा नाही," तो म्हणाला. "माझा आहे. त्या दिवशी त्याला बाहेर काढायला मी काहीतरी बडवलं, ते त्याने उचललं. त्याचा होता तो आता नाही. जिथे होता तिथे मी हे ठेवलं."

 वहिनी रागावतील असं त्याला वाटलं, आणि रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता पदर तोंडाला लावला. "त्यांना सांगू नका," त्या म्हणाल्या.

"अहो मास्तर," दादाने समोरून हाक मारली. मागल्याने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. दादा त्याच्याशीच बोलत होता, फार आदराने, काड्या दोन्ही हातांत नीट जुळवून धरून. "शेवट बरोबर आला का हो? तुम्ही शिकवलात तसा?"

"बरोबर आला," मागल्या म्हणाला.

"शेवटचा दणका जरा जोरात होतो माझ्याकडून."

"होऊ दे, दादा."

मास्तरांनी 'दादा' म्हटल्याचं त्याला जरा नवल वाटलं, पण तो हसला. त्याने डावं पाऊल पेडलवरून काढून बाजूला जमिनीवर ठेवलं. या शेवटाला त्याचं काही काम नव्हतं. मग तो परत पहिल्या ठोक्यावर गेला.